तुस्कानोसरांची दाढी

सत्कार रविवारी होता. दाढी गुरुवारीच गेली.

सांडोरचे डॉक्टर इग्नेशियस तुस्कानो, म्हणजे गावाचे इनासबाबा आणि मुंबईच्या संशोधन संस्थेतले तुस्कानोसर, गुरुवारी सकाळी हरेश्वरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या हनुवटीखाली वीतभर करडी दाढी होती. उठले तेव्हा समोरच्या आरशात एक अनोळखी, जरासा घाबरलेला गृहस्थ उभा होता. सर त्याला "हूंऽ" म्हणाले. तोही "हूंऽ" म्हणाला. मग दोघेही छत्री घेऊन घरी गेले.

धर्माला ही बातमी शुक्रवारी संध्याकाळी कळली आणि तो मटकन खाली बसला.

धर्मा खाडीकाठच्या शेतकरी घरातला. सरांचा शेवटचा विद्यार्थी. त्याचा पीएचडीचा प्रबंध टाइप होऊन, काळ्या रेक्झिनमध्ये बांधून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तयार होता. पहिल्या पानावर मार्गदर्शकाची सही तेवढी नव्हती. महिनाअखेर सर निवृत्त होणार. त्यानंतर त्यांनी कितीही सह्या केल्या तरी विद्यापीठाच्या लेखी त्या शुभेच्छाच. मग नवा मार्गदर्शक शोधायचा, त्याच्या पाया पडायचं, आणि तो म्हणणार, "तुस्कानोंचं काम चांगलं आहे हो, पण आपण जरा वेगळ्या दिशेने जाऊ." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. धर्माची पाच वर्षं खाडीत.

आणि सर सही करत नव्हते, कारण सत्तावीस नंबर अजून तेल होता.

सत्तावीस नंबर म्हणजे धर्माच्या प्रबंधातलं शेवटचं द्रव्य. सेंद्रिय संश्लेषण हा सरांचा धंदा. झाड आपल्या सालीत, मुळीत गुपचूप जे द्रव्य तयार करतं, तेच आपण काचेच्या चंबूत पायरी-पायरीने तयार करायचं. झाडाला त्यासाठी ऊन आणि पाणी लागतं. माणसाला पाच वर्षं, सरकारी अनुदान आणि दोन चष्मे लागतात. धर्माचं झाड तर त्याच्याच बांधावर उगवायचं. त्याच्या बापाने एकदाच विचारलं होतं, "झार आपले बांधावं हाय. साल काढ नि उकल पान्यात. पाच वरसं कसली लावतंस?" धर्माने त्याला समजावलं की सालीशिवाय तेच द्रव्य बनवण्यात खरी गंमत आहे. बाप म्हणाला, "म्हंजे भात नसताना पेज करायची." आणि उठून गेला. हे वर्णन धर्माला इतकं चपखल वाटलं की तो ते सरांना सांगायला गेला. सर म्हणाले, "हूंऽ. बरोबर आहे. तेल झालं का घट्ट?"

तर हे तेल. शुद्ध द्रव्य असेल तर त्याचे स्फटिक पडले पाहिजेत, स्वच्छ, टोकदार, साखरेसारखे. आणि स्फटिक नसेल तर प्रबंधावर सही नाही, हा सरांचा नियम. "तेल काय रे, आमच्या सालोमीच्या फणीलापण असतं. त्याच्यावर मी सही करायची?" हे वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी ऐकलेलं, आणि सरांच्या पाठीमागे सरांच्याच आवाजात म्हणून दाखवलेलं.

हा नियम सरांनी जर्मनीहून आणला. केळीच्या वाडीत वाढलेला हा पोरगा शाळेत हुशार निघाला. त्या वेळच्या फादरांनी बापाला सांगितलं, "शिकू दे त्याला." बापाला वाटलं, पोरगा शिकून फादर होईल, पोरगा रसायनशास्त्रात गेला. पुढे दोन वर्षं जर्मनीला गेला आणि येताना तीन गोष्टी घेऊन आला: एक काळा लोकरी कोट, हा स्फटिकाचा नियम आणि दाढी. कोट सालोमीबायने पहिल्याच उन्हाळ्यात पेटीत घातला. नियम संस्थेत राहायचा, त्याचा घरी उपद्रव नव्हता. दाढीला मात्र पेटी नव्हती. लग्नाआधी पाहिलेल्या गुळगुळीत तोंडाच्या नवऱ्याची ती बाई पंचवीस वर्षं वाट बघत होती.

बाकी गावाला सरांचं काम कधी दिसलंच नाही. गावातल्या एकाने पूल बांधला, एकाने बँकेत साहेबी केली, एकजण आखातात गेला आणि टेपरेकॉर्डर घेऊन आला. सर मात्र कधी विचारलंच तर खिशातून छोटी काचेची नळी काढायचे. तिच्यात चिमूटभर पांढरी पूड.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि ह्याने काय होतं?"

"अजून काही नाही."

मग विचारणारा नळी अगदी जपून परत द्यायचा, जणू सांत्वनाची भेट देतोय.

पण दाढीचं नाव संस्थेत फार मोठं होतं. त्याची सुरुवात बेसिलपासून झाली. बेसिल सरांचा पहिला विद्यार्थी, आता त्याच संस्थेत विभागप्रमुख. साठ-एकसष्ट सालची गोष्ट. बेसिलचं तेल काही केल्या गोठेना. बर्फात ठेवून झालं, काचेच्या कांडीने चंबू खरवडून झाला, आईने मेणबत्ती लावून झाली. एक दिवस सर त्याच्या टेबलाशी आले, चंबूवर वाकले आणि दाढी खाजवत म्हणाले, "हे काय, अजून तेलच?" एवढं बोलून गेले. बेसिल चहा पिऊन परत येतो तर चंबूत स्फटिकांची रांगोळी!

आता ह्याला थोडासा शास्त्राधार आहे. तेल गोठायला कधीकधी एखादा कण पुरतो. तो विरजणासारखं काम करतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसाच्या दाढीत असले नाना कण बसलेले असणार, हेही खरंच. पण बेसिलने थोडासा शास्त्राधार घेतला आणि त्याच्यावर अख्खं देऊळ बांधलं. त्याने धाकट्यांना सांगितलं, धाकट्यांनी त्यांच्या धाकट्यांना. "तेल अडलं? सरांना बोलाव. चंबूवर वाकव. खाजवायला लाव."

खाजवायला लावणं सोपं नव्हतं. सर उगाच दाढीला हात लावत नसत. सोपा प्रश्न विचारला तर "हूंऽ, पुस्तकात बघ" म्हणून चालू पडत. प्रश्न असा हवा की उत्तर त्यांनाही पटकन सुचता कामा नये. मग त्यांचा चेहरा बदलायचा. "असं होय? … असं कसं होईल? … थांब हं, थांब." आणि हात वर. छोट्या शंकेला एक बोट, मध्यम शंकेला पंजा. आणि खरंच भारी प्रश्न पडला तर दोन्ही हात दाढीत घालून सर असे घुसळायचे की समोरचा विद्यार्थी चंबूचं बूच काढून, तो हळूच त्यांच्या हनुवटीखाली सरकवून, श्वास रोखून उभा राहायचा.

असल्या प्रश्नांसाठी पोरं लायब्ररीत जाऊन जाडी जाडी जर्मन मासिकं उपसायची. शब्दकोश घेऊन बसायची. एकाने तर निव्वळ दाढीसाठी जर्मनचा वर्ग लावला. हळूहळू बाहेर बोलबाला झाला की तुस्कानोंचे विद्यार्थी फार खोलातले प्रश्न विचारतात आणि तुस्कानो टेबलाशी उभं राहून तासन्‌तास शिकवतात. "ह्याला म्हणतात गुरू," लोक म्हणू लागले. सरांनाही तसंच वाटायचं. घरी जेवताना ते सालोमीबायला सांगत, "आमची पोरं फार जिज्ञासू." सालोमीबाय म्हणायची, "भात घ्या."

त्या पोरांमधली बरीचशी पुढे मोठी झाली. कुणी प्राध्यापक, कुणी औषधांच्या कारखान्यात साहेब. आणि सगळ्यांना एक खोड जडली: विचारात पडले की आपापली गुळगुळीत हनुवटी खाजवायची.

धर्माने ह्या सगळ्या परंपरेचा पुरेपूर लाभ घेतला होता. सहा महिने तो सरांना एकाहून एक कठीण प्रश्न विचारत होता. सरांनी खाजवून खाजवून गळा लाल केला. सत्तावीस नंबर ढिम्म. काकवीसारखा चिकट, मधासारखा पिवळा, आणि बघणाऱ्याकडे बघून हसल्यासारखा. शेवटचा उपाय म्हणून त्याने एक प्रश्न राखून ठेवला होता. दोन्ही हातांचा. शनिवारी चंबू घेऊन सरांच्या घरी जायचं आणि तो प्रश्न टाकायचा, असा बेत होता.

आणि शुक्रवारी संध्याकाळी कळलं की दाढी नाही.

दाढी का गेली? तर युजीनमुळे. युजीन हा गावच्या युवक मंडळाचा अध्यक्ष. वय चाळीस, पण युवक. त्याचं बोलणं सुरू व्हायचं ते "माझं वैयक्तिक मत असं आहे की" पासून, आणि संपायचं "बरोबर की नाही?" वर. मधे काय असायचं ते त्यालाही आठवायचं नाही. सत्काराच्या स्टेजसाठी त्याने सरांचं भलंमोठं चित्र रंगवून घेतलं होतं. फोटो मागायला तो घरी गेला तेव्हा सर झोपले होते. सालोमीबायने जर्मनीला जाण्याआधीचा, पासपोर्टचा फोटो दिला. तिला तोच आवडायचा. पेंटरने त्यावरून दाराएवढा तरुण, गुळगुळीत, आखीव केसांचा इग्नेशियस रंगवला. चित्र आलं आणि समिती त्याच्याभोवती जमली.

"हे कोण?" एकाने विचारलं.

"इनासबाबा," युजीन म्हणाला.

"दाढी?"

पेंटर म्हणाला, दाढी घालतो, पण रंग वाळायला चार दिवस आणि पैसे वेगळे. तेव्हा युजीन सरांकडे गेला. "माझं वैयक्तिक मत असं आहे की बाबा, लोकांचा गोंधळ होईल. मागे एक माणूस, पुढे एक माणूस. म्हणजे सत्कार कुणाचा? बरोबर की नाही?"

सरांनी सालोमीबायकडे पाहिलं. ती निवडत असलेल्या वालाच्या शेंगांकडे बघत होती. इतकं लक्ष देऊन तिने आयुष्यात शेंगा निवडल्या नव्हत्या.

"हूंऽ," सर म्हणाले, आणि छत्री घेतली.

शनिवारी सकाळी सलून उघडायच्या आधीच धर्मा दारात उभा.

"या, बसा," हरेश्वर म्हणाला. "दाढी?"

"हो. म्हणजे माझी नाही. तुस्कानोसरांची."

"ती तर केली ना परवा."

"तीच पाहिजे."

हरेश्वर वस्तरा पुसता पुसता थांबला. "काय पाहिजे?"

"त्यांचे केस. थोडेसे. दोन-चार असले तरी चालतील."

हरेश्वरने आधी धर्माकडे, मग रस्त्याकडे, मग पुन्हा धर्माकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "करणी-बिरणी करतोस काय रे? उद्या त्या माणसाचा सत्कार आहे!"

"नाही हो! प्रयोगाला पाहिजेत."

"सगळे हेच म्हणतात."

"सगळे म्हणजे? आणखी कुणी आलं होतं?"

"नाही आलं. आलं असतं तर हेच म्हणालं असतं."

धर्माने मग सगळं सांगितलं: तेल, स्फटिक, कण, विरजण, सही. हरेश्वर ऐकत गेला आणि हळूहळू ताठ झाला. ज्या दाढीने मुंबईत इतके डॉक्टर घडवले, ती आपल्या वस्तऱ्याखाली गेली हे त्याला माहीतच नव्हतं. "अरारा," तो म्हणाला, "आणि मी ती डब्यात टाकली." कोपऱ्यात रॉकेलचा जुना डबा होता. आठवडाभराचे केस त्यात साठायचे आणि मग एखादा भाजीवाला ते वाडीत खताला न्यायचा. दोघे डब्यात डोकं घालून बसले.

"हा बघ, हा लांब करडा. बाबांचा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे, फादरांचा पण करडाच आहे. पण फादरांचा मऊ लागतो. आणि हा राठ आहे ना, हा युजीनच्या मिशीचा असेल. मिशी बारीक केली त्याने, स्टेजसाठी. तू असं कर, सगळ्यांतले थोडे थोडे ने." त्याने पुडी बांधली. "एक काम कर मात्र. उद्या माइकवर माझं पण नाव घ्यायला सांग. 'सरांना नवं रूप देणारे आपले हरेश्वर' असं."

रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मंडप पडला. स्टेजवर खुर्च्या, हार, समई की मेणबत्ती ह्यावर वाद होऊन शेवटी दोन्ही, आणि मागे तो दाराएवढा तरुण इग्नेशियस. त्याच्यापुढे खरे इग्नेशियस बसले होते. सगळे म्हणत होते, "अगदी तस्सेच दिसतात!" खरं तर पंचवीस वर्षांचा फरक नुसता वस्तऱ्याने जात नाही, चित्रातल्या माणसाचा हा थोरला काका बसलाय असं वाटत होतं. हनुवटीचा भाग पांढराफटक आणि वरचा चेहरा उन्हाने रापलेला. सर अधूनमधून हात वर न्यायचे, तिथे काही सापडायचं नाही, हात पुन्हा मांडीवर.

स्टेजच्या पडद्यामागे पाहुण्यांसाठी कोल्ड्रिंकच्या बाटल्या बर्फाच्या टबात ठेवल्या होत्या. टबाचा कारभार सालोमीबायकडे. धर्मा जेवणाचा डबा घेऊन तिथे पोचला. वरच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेला चंबू, खालच्या कप्प्यात बाकीच्या सगळ्या नळ्या. कारण संस्थेतली त्याची जागा महिनाअखेर रिकामी करायची होती आणि त्याने आपला संसार आधीच उचलला होता. काखेत प्रबंधाची पिशवी, खिशात पुडी, दुसऱ्या खिशात घरच्या मिठागरातलं जाडं मीठ.

"आंटी, जरा बर्फ पाहिजे होता."

"अजून झालं नाही तुझं ते?" सालोमीबाय म्हणाली. वर्षाचं पोर अजून चालत नाही म्हटल्यावर बायका ज्या आवाजात विचारतात, तो आवाज. "घाल त्या कोपऱ्यात. पण मीठ बाटल्यांना लावू नकोस बाबा. लोक म्हणतील इनासच्या सत्काराला खारट सोडा दिला." आणि ती बाटल्या घेऊन पुढे पाहुण्यांकडे गेली.

मिठाने बर्फ आणखी गार होतो. धर्माने कोपऱ्यात खळगा केला, मीठ शिंपलं, चंबू रोवला, बूच काढलं, पुडी सोडली आणि एक करडा केस आत टाकला. मग उकिडवा बसून बघत राहिला.

स्टेजवर बेसिल बोलायला उभा राहिला. "हूंऽ," त्याने माइकमध्ये सुरुवात केली, थेट सरांसारखी, आणि स्वतःची हनुवटी खाजवली. "सर आमच्या टेबलाशी येऊन तासन्‌तास उभे राहायचे. का यायचे?" इथे पुढच्या रांगेतल्या जुन्या विद्यार्थ्यांमध्ये खोकल्याची साथ आली. "कारण… कारण आमच्यावर त्यांचा जीव होता." टाळ्या. पडद्यामागे धर्माने दुसरा केस टाकला.

मग फादर उठले. फादरांचा आवाज लग्नाला, मयताला आणि बक्षीससमारंभाला एकच. "प्रिय बंधूऽऽ आणि भगिनींनो. रसायनशास्त्र म्हणजे काऽय?" ते थांबले. पटांगण थांबलं. "रसायनशास्त्र म्हणजे… प्रेऽम." मागच्या बाजूला कुणाचं तरी तान्हं मूल रडायला लागलं. फादरांनी तेही प्रेमात घेतलं आणि पुढे निघाले.

सर खुर्चीत अस्वस्थ. पडद्याला फट होती, आणि तिच्यातून त्यांना एक माणूस चंबूत डोकावताना दिसत होता. उभ्या आयुष्यात सरांना चंबूत डोकावणारा माणूस दिसला आणि ते तिथे गेले नाहीत असं झालेलं नव्हतं. प्रेम जरा रंगात आल्यावर ते हळूच उठले आणि पडद्यामागे गेले.

"काय झालं? पडले?"

धर्मा दचकला. "सर! तुम्ही… तिकडे फादर…"

"फादर अजून आदाम-एवेपर्यंतच आलेत. बघू." सर त्याच्या शेजारी उकिडवे बसले. चंबूत तळाशी पिवळं तेल, आणि तेलात तरंगणारे केस. "हे काय आहे?"

धर्मा एकदम फुटला. दाढी, बेसिलची रांगोळी, प्रश्न, लायब्ररी, चंबू हनुवटीखाली सरकवणं, हरेश्वरचा डबा, सगळं भडाभडा. सर ऐकत होते. मधे एकदा हात वर गेला आणि परत आला.

"बेसिलसुद्धा?"

"सुरुवात त्यांचीच, सर."

"आणि तो जर्मन शिकला तो?"

"तो पण."

"म्हणजे ते सगळे प्रश्न…" पडद्यापलीकडे टाळ्या पडल्या. "मी घरी सांगायचो रे, आमची पोरं जिज्ञासू आहेत म्हणून."

"प्रश्न खरे होते, सर," धर्मा घाईने म्हणाला. "सोपा विचारला तर तुम्ही हातच लावायचा नाहीत. म्हणून वाचावं लागायचं. मग वाचता वाचता…"

"हूंऽ." सर बर्फाकडे वळले. मग चंबू उचलून दिव्यासमोर धरला. "माझ्या केसाने नाही पडले?"

"नाही, सर."

"दुसरे कुणाचे टाकलेस?"

"फादरांचा असावा एक. आणि युजीनच्या मिशीचा."

"त्यांनीपण नाही?"

"नाही."

"मग लिहून ठेव. फादरांच्या केसानेही स्फटिक पडत नाहीत. नाही पडले हाही निकालच असतो." त्यांनी चंबू परत रोवला. "आता मी तुला विचारतो."

धर्मा सावरून बसला. त्याच्या एकदम लक्षात आलं की इतक्या वर्षांत सर त्याला एकच गोष्ट विचारत आले होते, तेल घट्ट झालं का. त्यापुढचं काही विचारायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. ते टेबलाशी येण्याआधीच धर्माचा प्रश्न तयार असायचा.

"तेल शुद्ध आहे हे कशावरून?"

"काचेच्या पट्टीवर एकच ठिपका येतो, सर. वेगवेगळ्या द्रावकांत करून पाहिलं. एकच."

"पट्टी फसवते. आणखी?"

"निर्वात करून उकळलं तर पहिला थेंब आणि शेवटचा थेंब एकाच तापमानाला येतो."

"बरं. आणखी?"

माइकवरून आवाज आला, "आता सत्कारमूर्तींनी पुढे यावं." युजीनचा आवाज. "माझं वैयक्तिक मत असं आहे की डॉक्टरसाहेब इथेच होते. बरोबर की नाही?"

सरांनी मान वळवलीसुद्धा नाही. "तेल गोठत नसलं तर आम्ही काय करायचो? जुनी माणसं काय करायची? त्या तेलाला दुसरं काहीतरी जोडून त्याचं पोर करायची. बाप तेल असला तरी पोर बहुतेक वेळा स्फटिक निघतं. ते का नाही केलंस?"

"केलं, सर."

"काय केलं?"

"पोर. गेल्या दिवाळीच्या आधी. नारंगी झालं."

"नारंगी काय झालं?"

"स्फटिक, सर. सुया सुया."

सर पुढे सरकले. "मेल्टिंग पॉइंट?"

"एका अंशात वितळतं. तीनदा घेतला."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

धर्माने मान खाली घातली. "सांगायला आलो होतो. पण त्या दिवशी तुम्ही दोन्ही हातांनी खाजवत होता, सर. मी चंबू धरून उभा होतो. मग राहूनच गेलं. आणि तुम्हाला सत्तावीसचेच स्फटिक पाहिजेत असं…"

"कुठे आहे ते?"

धर्माने डब्याचा खालचा कप्पा उघडला. नळ्यांमधून एक काढली. सरांनी ती स्टेजच्या दिव्याकडे धरली. आत बोटभर उंचीला नारंगी सुया, एकमेकींना टेकून उभ्या, प्रत्येकीच्या अंगावर उजेड. सरांनी नळी फिरवली. परत फिरवली. पडद्यापलीकडे युजीन म्हणत होता, "डॉक्टरसाहेब जिथे असतील तिथून… फोटोग्राफरला शेवटची एस.टी. आहे हो!"

"सुंदर," सर म्हणाले. संस्थेत आजवर हा शब्द कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. धर्माला आधी वाटलं ते दुसऱ्या कशाबद्दल बोलतायत. "पोर असं असेल तर बापाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पेन आहे?"

पेन नव्हतं. मीठ होतं, पुडी होती, पेन नव्हतं. बाटल्यांचा हिशेब ठेवायला सालोमीबायने आणलेलं बॉलपेन टबाच्या कडेला पडलं होतं, ओलं. ते चालेना. सरांनी ते पायजम्याला घासलं, तळहातावर गिरवलं, प्रबंध मांडीवर उघडला, पहिल्या पानावर सही केली आणि खाली तारीख घातली. मग मजकुरात शेवटच्या पानाशी जाऊन समासात लिहिलं, 'नारंगीबद्दल एक परिच्छेद वाढवणे', सहीचं पान उघडून प्रबंध धर्माच्या मांडीवर दिला आणि पुन्हा उकिडवे बसले.

"आता मला सांग, ती जोडणी कितपत गरम करून केलीस? कारण माझ्या मते गार केली तर सुया आणखी लांब येतील."

"गार? पण गार केली तर ती होणारच नाही ना, सर?"

"असं होय? असं कसं होईल? … थांब हं, थांब."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. सालोमीबाय आत आली. तिने टबाशी बसलेल्या दोघांकडे पाहिलं, धर्माच्या मांडीवरच्या उघड्या पानाकडे पाहिलं, आणि नवऱ्याच्या शाईने माखलेल्या तळहाताकडे.

"सही झाली ना? मग आता उठा," ती म्हणाली. "युजीनने शाल खुर्चीला पांघरली, नारळ खुर्चीवर ठेवला, आणि फोटोपण काढून झाला. जाऊन शाल तेवढी घेऊन या, नाहीतर मंडपवाला खुर्चीबरोबर नेईल."